शेवटच्या थांब्यावरची चावी

महानंदाक्का एकोणीस वर्षं ड्यूटीवर पाणी प्यायली नाही. उपास नव्हे, नवस नव्हे. सकाळी पावणेसहाला बसवर चढायचं, अडीचला उतरायचं आणि मधल्या पावणेनऊ तासांत घशाखाली एक घोट जाऊ द्यायचा नाही, असा तिचा नेम होता. तो तिला कुणी लावून दिला नव्हता. बंगळुरातल्या शिवाजीनगरहून निघून होसकोटेच्याही पुढे कारखान्यांच्या वसाहतीपर्यंत जाणारी तिची सिटी बस. शेवटच्या थांब्यावर बायकांसाठी एक संडास होता, त्याला कुलूप होतं आणि कुलपाची चावी टाइमकीपरच्या खिडकीत होती. खिडकीसमोर बाक, बाकावर सदान्‌कदा चार-पाच ड्रायव्हर चहा पीत बसलेले. त्यांच्या देखत चावी मागायची म्हणजे आपण कुठे चाललो आहोत ते जाहीर करायचं. त्यापेक्षा पाणी न पिणं तिला सोपं वाटलं.

हे मला कळायला सात महिने लागले. तोवर मी तिला बेचाळीस किलोमीटर पळायला तयार करून बसले होते.

मी स्मिता. मूळची पुण्याची, नोकरीपायी नऊ वर्षांपूर्वी इथे आले आणि राजाजीनगरात राहिले. कुठलीही गोष्ट सुरू करण्याआधी तिचं सामान घेऊन येणं ही माझी जुनी खोड. चाळिशी जवळ आली तशी पळायला लागले, म्हणजे आधी बूट आणले, मग हृदयाचे ठोके मोजणारं घड्याळ, मग कमरेला दोन बाटल्या अडकवायचा पट्टा. एवढं सगळं अंगावर चढवून फेब्रुवारीतल्या एका पहाटे मी धापा टाकत चालले होते, तर खांद्याला पिशवी, अंगात खाकी कपडे आणि पायात साधे कॅनव्हासचे बूट अशी एक बाई मला सहज मागे टाकून गेली. मला राग आला. मी जोर लावला आणि पुढच्या चौकात तिला गाठून "आई गं!" म्हणत गुडघ्यांवर हात टेकले.

"मराठी हाय व्हय तुमी?" ती वळून म्हणाली. श्वासही लागला नव्हता.

"हो. तुम्ही रोज पळता?"

"पळतो कसलं! डेपोची स्टाफ गाडी चुकली. मग जातो असं पायानंच."

निपाणीकडच्या बायका 'मी जातो', 'मी येतो' म्हणतात. पहिले चार दिवस मी ते ऐकून दचकत होते, आता कधीकधी माझ्याच तोंडून निघतं. स्टाफ गाडी आठवड्यातून दोनदा चुकायची. पुढे पुढे महानंदाक्का ती मुद्दाम चुकवायला लागली, हे तिने स्वतः हसत कबूल केलं.

तिचं वय पंचेचाळीस. निपाणीजवळच्या गावातून लग्न होऊन इथे आली, सव्विसाव्या वर्षी परीक्षा देऊन कंडक्टर झाली. नवरा योगीराज खिडक्यांच्या जाळ्या बनवतो. हा माणूस दिवसाला मोजून वीस शब्द बोलत असेल, पण बायको पळायला निघाली की तिच्या आधी उठून तिचे बूट दाराशी काढून ठेवतो. एक मुलगी आहे, म्हैसूरला नर्सिंग शिकते. मी अक्काला आमच्या रविवारच्या पळणाऱ्या मंडळींत ओढून नेलं. तिथे सगळे संगणकवाले आणि एक भार्गवी डॉक्टर. मे महिन्यात अक्काने दहा किलोमीटरची शर्यत केली आणि आमच्यातल्या अर्ध्या पुरुषांचे चेहरे उतरवले. मला फार बरं वाटलं.

मग मॅरेथॉनचे अर्ज निघाले. अक्काने माझ्या फोनवर गेल्या वर्षीचे फोटो पाहिले, एकावर बोट ठेवलं.

"ह्ये छातीवर नाव छापलंय व्हय?"

"हो, प्रत्येकाचं छापतात. नंबर आणि खाली नाव. रस्त्यावरची माणसं ते वाचून ओरडतात."

"माझ्या बिल्ल्यावर नंबरच हाय बगा. एकोणीस वर्षात येका पॅसेंजरनं नाव विचारलं न्हाई. टिकेट म्हणत्यात, मेडम म्हणत्यात, ए कंडक्टर म्हणत्यात." मग म्हणाली, "भरा माझा. सगळं पळून दावतो, नावासकट. अर्ध्यात उतरणार न्हाई."

साडेसहा तासांची मुदत होती. तेवढ्यात पोचली तर मेडल, नाहीतर नुसतेच पाय दुखणार.

आता माझ्या अकलेची गोष्ट. लांब पळताना अक्का पाण्याच्या टेबलाशी थांबायची, तोंडभर पाणी घ्यायची, खळखळून चूळ भरायची आणि थुंकून पुढे निघायची. मी कुठल्याशा परदेशी तज्ज्ञाच्या मुलाखतीत ऐकलं होतं की मुरलेले धावपटू असंच करतात, पोट जड होऊ नये म्हणून. मला वाटलं, काय उपजत जाण आहे बाईला! मी ते चार जणांना कौतुकाने सांगितलंसुद्धा. मीही दोनदा करून पाहिलं आणि बुटांवर थुंकले. बसमध्ये दिवसभर थांब्यांची नावं ओरडून घशाला कोरड पडते, ती घालवायला कंडक्टर बायका अशी चूळ भरतात, गिळत नाहीत, हे मला कुठून माहीत असणार?

सप्टेंबरात अठ्ठावीस किलोमीटरचा सराव होता. तेविसाव्याला अक्काच्या दोन्ही पोटऱ्यांत एकदम गोळे आले आणि ती शहाळीवाल्याच्या गाडीशेजारी फूटपाथवर बसली. ओठ पांढरे पडले होते. मी शहाळं फोडून तिच्या हातात दिलं. तिने चूळ भरली आणि थुंकली.

"अक्का, गिळ ना!"

"न्हाई जमत," ती म्हणाली. "सवयच न्हाई बाई."

तिथे बसून तिने मला ते कुलूप, ती खिडकी आणि तो बाक सांगितला. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात तिने एकदा चावी मागितली होती. तेव्हाच्या टाइमकीपरने मान वर केली नाही. बाकावरचा एक जुना ड्रायव्हर म्हणाला, बाई, ते घरून उरकून यायचं असतं.

"मग?"

"मग काय न्हाई. हसले सगळे."

एवढंच. सव्वीस वर्षांच्या मुलीला पाच जण हसले आणि त्या हसण्यावर तिने एकोणीस वर्षं काढली. मध्ये दोनदा मूतखडा झाला, तोही सोसला. मला त्या ड्रायव्हरचा, त्या कुलपाचा आणि खरं सांगायचं तर तिचाही इतका संताप आला की मी उरलेलं शहाळं स्वतःच पिऊन टाकलं.

भार्गवी डॉक्टरने ऐकून घेतलं आणि सरळ सांगितलं, "असं पळालात तर तिसाव्या किलोमीटरला उचलून न्यावं लागेल. नुसतं रविवारी पाणी पिऊन भागत नाही. रोज, दिवसभर प्यायचं, ड्यूटीवरसुद्धा. पुढच्या महिन्यात मी पुन्हा तपासेन. फरक नसला तर तुमचं नाव मी स्वतः काढायला लावेन."

म्हणजे बेचाळीस किलोमीटर आणि महानंदाक्का यांच्यामध्ये आता एक चावी होती.

एक आठवडा गेला, दुसरा गेला. "आज मागितलीस?" "आज लई गर्दी हुती." "आज?" "आज टाइमकीपर सुधींद्र रजेवर हुता." शेवटी मी कचेरीत रजा टाकली आणि एका मंगळवारी शिवाजीनगरला तिच्या बसमध्ये जाऊन बसले. बस सुटल्यावर तिच्या हातात पाण्याची लिटरभराची बाटली दिली.

"आत्ता माझ्यासमोर पी."

ती प्यायली. औषध घ्यावं तसे डोळे मिटून चार घोट, मग पुढच्या सिग्नलला आणखी चार. कृष्णराजपुरमच्या पुलावर गाड्या तुंबल्या. अक्का "मुंदे होगि, मुंदे होगि!" असं ओरडत माणसांना पुढे सारत होती, पण आवाज बारीक झाला होता. होसकोटे आलं तेव्हा तिने एका म्हाताऱ्याला चुकीचं तिकीट फाडून दिलं. तिच्या हातून हे होताना मी कधी पाहिलं नव्हतं. तिथून पुढे ती दारातला दांडा धरून उभी राहिली आणि माझ्याकडे शत्रूसारखी बघत होती.

शेवटचा थांबा. बाकावर त्या दिवशी पाच जण होते, मी मोजले. अक्का उतरली, खिडकीपाशी गेली, आणि थांब्यांची नावं ज्या आवाजात पुकारते त्याच आवाजात म्हणाली, "सुधींद्र! लेडीज टॉयलेट चावी कोडि!"

बाकावरच्या एकाने चहाचा पेला तोंडाशी नेलेला तसाच धरला. सुधींद्र हा तिशी-पस्तिशीचा सभ्य मुलगा, सहा वर्षांपूर्वी इथे आलेला. तो गडबडून उठला, कॅलेंडर वर केलं, त्याच्यामागच्या खिळ्यावरून गंजलेली चावी काढली आणि खिडकीतून पुढे केली.

"केळिद्रे कोडतिद्दे अल्वा, अक्का?" तो म्हणाला. मागितली असतीस तर दिली असती की.

हे त्याने इतक्या भाबडेपणी म्हटलं की मला त्याच्यावर रागावता येईना. अक्काने चावी घेतली. कुणीही हसलं नाही.

दार उघडलं तर आत झाडू, सिमेंटची दोन पोती आणि जुन्या मार्गांच्या पत्र्याच्या पाट्या खच्चून भरलेल्या. अक्काला आता दम निघत नव्हता. तिने एकेक पाटी उचलून बाहेर भिरकावायला सुरुवात केली. मी पोती ओढली. धडाधड आवाज होत होता, बाकावरचे लोक उठून बघायला आले, आणि त्यातला एक टक्कल पडलेला ड्रायव्हर पुढे झाला आणि पाट्या गोळा करून भिंतीला लावून ठेवायला लागला. नळाला पाणी होतं, ही देवाची कृपा. परतीच्या फेरीत अक्का सबंध वाट हसत होती आणि तिने मला तिकीट घ्यायला लावलं.

त्यानंतर त्या मार्गावरच्या चौघी कंडक्टर बायकांनी आपापसात रीत पाडली. चावी पहिल्या फेरीला येणारीने खिळ्यावरून घ्यायची, दिवसभर एकीने दुसरीच्या हाती द्यायची, शेवटच्या फेरीवालीने परत टांगायची. त्यात कावेरी म्हणून एक चोवीस वर्षांची नवी मुलगी होती. तोंडातून शब्द निघत नाही अशी, प्रवाशाने सुटे मागितले तरी लाजणारी. अक्का तिच्यामागे हात धुऊन लागली. "पाणी पी. चावीचं मी बगतो. तू नुसतं पी." महिनाभराने भार्गवीने अक्काला तपासलं आणि पाठीवर थाप मारली. पुढच्या रविवारी अक्का बत्तीस किलोमीटर पळाली, आणि चूळ न भरता प्यायली.

शर्यतीच्या दिवशी पहाटे पाचला आम्ही दोघी सुरुवातीच्या रेषेवर उभ्या होतो. अक्काच्या छातीवर कागद होता, त्यावर ठळक अक्षरांत तिचं नाव. ते तिने चारदा खाली मान घालून वाचलं. योगीराज तिचा फोन खिशात ठेवून, खोबऱ्याच्या वड्यांचा डबा घेऊन स्टेडियममध्ये शेवटच्या कमानीशी थांबणार होता. हलसूरच्या बाजूला उजाडलं, माणसं फाटकाशी येऊन उभी राहिली आणि कुणीतरी ओरडलं, "महानंदा! कमॉन महानंदा!" अक्काने चमकून वळून पाहिलं. कोण ओळखीचं आहे ते ती शोधत होती. ओळखीचं कुणी नव्हतं. पुढचा मैलभर ती इतकी जोरात पळाली की मला तिला दटावावं लागलं.

एकतिसाव्या किलोमीटरला, कब्बन पार्कच्या कोपऱ्यावर, तिने गूळ-शेंगदाण्याची पुडी काढायला कमरेच्या कापडी पिशवीत हात घातला. पुडीबरोबर चावी बाहेर आली.

आम्ही दोघी त्या चावीकडे बघत उभ्या राहिलो. आदल्या दिवशी, शनिवारी, चौघींतली शेवटची फेरी अक्काची होती. पिशवी बांधून वावरायची सवय कर, असं भार्गवीने सांगितलं होतं म्हणून ती ड्यूटीवरही तिच्या कमरेला होती, आणि खिळ्यावर जायची चावी पिशवीत गेली.

"आज कावेरीची ड्यूटी हाय," अक्का म्हणाली. तिचा चेहरा उतरला. "दुसरी फेरी अकराला पोचती. पी पी म्हणून मीच बोंबललो तिला."

"त्यांना फोन करू. कुलूप फोडा म्हणावं."

"सरकारी कुलूप हाय ते! चौकशी लागंल पोरीच्या मागं." आणि ती बसायला लागली, म्हणजे खरोखर फूटपाथवर बसायला लागली. "मी घेऊन जातो. रिक्षा मिळंल."

माझ्या घड्याळात चार तास अडतीस मिनिटं झाली होती. मी तिच्या दंडाला धरून तिला उठवलं आणि काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. योगीराजला बोलावते, तो चावी घेऊन जाईल, मी त्याच्यासाठी थांबते, तू इथून नीघ, एवढा त्याचा सारांश. मोठेपणा मिरवत नाही. माझा उजवा गुडघा सव्विसाव्यापासून बोंबलत होता, थांबायला मला कारण हवंच होतं. पण तिला ते कळू दिलं नाही.

"पण त्ये तितं माझी वाट बघालेत."

"मेडल ते मागाहूनही बघतील अक्का, पण मुदत पळते. जा!"

ती गेली. दोनदा मागे वळून पाहिलं, मग नाही पाहिलं.

योगीराज वीस मिनिटांनी रेटत रेटत स्कूटर घेऊन आला, शर्यतीसाठी रस्ते बंद होते म्हणून. त्याने आधी रस्त्याच्या त्या टोकाकडे पाहिलं.

"गेली?"

"गेली. छान पळतेय."

त्याच्या मनात काय होतं ते दिसत होतं. सहा महिने तो पहाटे उठून बूट काढून ठेवत होता, आणि आज कमानीतून येणारी बायको बघायची सोडून तीसेक किलोमीटर लांब एका संडासाची चावी पोचवायची होती. त्याने चावी खिशात टाकली, वड्यांचा डबा माझ्या हातात दिला, "तिला द्या" म्हणाला आणि स्कूटरला लाथ मारली. त्याच्यासाठी माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे सांगायला मला लाज नाही.

मी लंगडत, डबा सांभाळत स्टेडियमपर्यंत पोचले तेव्हा मुदत उलटून अर्धा तास झाला होता आणि कमान उतरवायला घेतली होती. अक्का गवतावर पाय पसरून बसली होती. बूट बाजूला, गळ्यात मेडल. सहा तास एकवीस मिनिटं.

तिथली एक स्वयंसेवक मुलगी मला म्हणाली, "ह्या तुमच्याबरोबर आहेत का? रेघ ओलांडल्या ओलांडल्या सगळ्यांदेखत ओरडून विचारलं यांनी, टॉयलेट एल्लि, कुठाय टॉयलेट? आम्ही हसलो तर त्याही हसल्या."

पण आता ती हसत नव्हती. "पोचले का त्ये?" तिचा पहिला प्रश्न. तिने मेडलकडे बघितलंही नसावं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. योगीराज. मी तिला ऐकू जावा असा मोठा आवाज केला.

"पोचलो. हितं कुलूपच न्हाई."

"म्हंजे ओ?"

"फोडलंय. कावेरीनं चावी मागितली, न्हवती. मग फोडा म्हणाली. आत्ताच्या आत्ता फोडा, म्हणाली. सुधींद्रनं दगड घातला. बाकावरचे उठून हुबं हुते म्हणं." योगीराजने आठवडाभराचे शब्द एका दमात संपवले होते. मग जरा थांबून विचारलं, "ह्या चावीचं काय करू?"

"फोडा म्हणाली," अक्का माझ्याकडे बघून हळू म्हणाली. "सा महिन्याची पोरगी नोकरीला. फोडा म्हणाली." आणि ती रडायला लागली, तोंड न झाकता, मैदानाच्या मध्यावर बसून. मी तिच्या शेजारी बसले. एकोणीस वर्षं परत देता येत नाहीत, आणि ते आम्हा दोघींनाही माहीत होतं.

फोनवर तो अजून वाट बघत होता. अक्काने छातीवरच्या नावाच्या कागदानेच नाक पुसलं.

"टाकून द्या तिकडंच," ती म्हणाली. "आन् या लवकर. भूक लागलीया."

मग तिने माझ्या पट्ट्यातली बाटली ओढून घेतली आणि तळ दिसेपर्यंत पाणी प्यायली.